गणपतीपासून मार्गशीर्षापर्यंत: वाचनालयासाठी डेस्कटॉप घेताना

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात २९ नोव्हेंबर २०२५ ला संगणक सुरू झाला. सगळा मिळून चोपन्न हजारांच्या आतला व्यवहार, पण गणपतीत विषय निघाला आणि खोका उघडला तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. मधल्या काळात मला जे विचारावं लागलं, ते एका जागी लिहिलेलं कुठे सापडलं नाही. प्रोसेसरच्या तुलना इंटरनेटवर ढिगाने आहेत. पण पहिल्यांदाच संगणकाला हात लावणाऱ्या, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या माणसाला कोणता तयार डेस्कटॉप घेऊन द्यावा, यावर फारसं काही नाही. घरातल्या किंवा गावातल्या कुणी ‘तुला कळतं यातलं, तूच बघ’ म्हणून तुमच्यावर हे काम टाकलं असेल, तर हे वाचून थोडी वाट मोकळी व्हावी एवढ्यासाठी लिहिते आहे.

मी चिपळूणला हिशेबाचं काम करते, शनिवार-रविवार गावी असते आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. संगणक वापरणार होत्या आमच्या ग्रंथपाल काकू. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे त्या बसल्या जागेवरून सांगतात. व्हॉट्सअॅपवर मराठी झरझर लिहितात. माऊस मात्र त्यांनी कधी धरलेला नव्हता.

२७ ऑगस्टला गणपती बसले. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की आमच्याकडे देवळात चाकरमान्यांची सभा होते. त्या सभेत गावच्या मुंबई मंडळाने संगणकासाठी ५० हजार रुपये जाहीर केले. अटी दोन होत्या. बिल पक्कं आणि वाचनालयाच्या नावाने हवं, आणि पुढच्या गणपतीला आम्ही येऊ तेव्हा संगणक वापरात दिसला पाहिजे. दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटली. कापडाखाली झाकून ठेवलेले संगणक मी शाळांमधून आणि कार्यालयांमधून पुष्कळ पाहिले आहेत. ते बहुतेक वेळा बिघडलेले नसतात. वापरणाऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं, किंवा काही अडलं तर येणारं कुणी नसतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी मी एक दुपार काकूंजवळ बसले. वहीच्या पानावर त्यांची वर्षभराची कामं लिहून काढली: पुस्तकांची दाखल नोंदवही, सभासदांची यादी आणि वर्गणी, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाशी पत्रव्यवहार आणि ईमेल, वार्षिक अहवाल, कधीतरी मुलांचे निकाल बघून देणं, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज. काकूंनी एवढंच विचारलं, “अगो, अक्षरं मोठी दिसतील ना? मोबाईलवर डोळे दुखतात.” गेम नाहीत, व्हिडिओ जोडणं नाही, फोटोंचं मोठं काम नाही. त्या एका पानाने अर्धी निवड करून टाकली. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, महागडा प्रोसेसर नको. पडदा चांगला हवा, यंत्र पटकन सुरू व्हायला हवं आणि दुरुस्तीची सोय हवी.

१४ सप्टेंबरला कार्यकारिणीची बैठक झाली. ठराव झाला: तीन ठिकाणांहून कोटेशन घ्यावीत, तुलनात्मक तक्ता मांडावा, पैसे धनादेशानेच द्यावेत, वस्तू जडवस्तू नोंदवहीत (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) चढवावी. घरासाठी घेताना हे कुणी करत नाही, पण लेखी कोटेशन घरासाठीही मागावं असं आता माझं मत झालं आहे. तोंडी सांगताना दुकानदार ‘आय५, आठ जीबी, एसएसडी’ (म्हणजे प्रोसेसर, रॅम ही मेमरी आणि साठवणूक) एवढंच म्हणतो. लिहून द्यायची वेळ आली की त्याला पूर्ण मॉडेल क्रमांक लिहावा लागतो आणि तिथे फरक कळतो.

तो फरक पहिल्याच दुकानात दिसला. चिपळूणच्या बाजारपेठेत एका दुकानाबाहेर पाटी होती: ‘आय५ डेस्कटॉप, ८ जीबी, २५६ एसएसडी, मॉनिटरसह १३,५००’. आत यंत्र चालूच होतं. मी सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टिम आणि मग अबाउट उघडलं. प्रोसेसर होता आय५-३४७०. मधल्या आडव्या रेघेनंतरच्या क्रमांकाचे पहिले एक-दोन आकडे पिढी सांगतात. ३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ चा माल. आय३-१३१०० म्हणजे तेरावी पिढी. नाव ‘आय३’ असलं तरी हा दुसरा त्या जुन्या आय५ पेक्षा कितीतरी पुढे आहे. अलीकडे इंटेलने ‘आय’ गाळून ‘कोअर ३’, ‘कोअर ५’ अशीही नावं सुरू केली आहेत, त्यामुळे जाहिरातीतल्या नावावर न थांबता पूर्ण क्रमांक मागावा.

जुन्या पिढीचं यंत्र चालत नाही असं नाही. अडचण विंडोजची आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. “ताई, ११ पण टाकून देतो की,” असं मला सांगितलं गेलं. पळवाटेने ते बसतंही, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या संगणकावरून सरकारी कार्यालयाला ईमेल जाणार आणि मुलांचे आधार क्रमांक भरले जाणार, त्यावर हा धोका मला नको होता. बिलाशिवाय घेतलं तर हजार रुपये कमी, हेही ऐकलं. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही आणि तक्रारीला आधार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण तिथेही पहिल्यांदा बिलच विचारतात.

नवरात्र जवळ आलं तसं कार्यकारिणीतले एकजण म्हणाले, २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी होतोय, थांबूया. कर खरोखर कमी झाला, पण ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्ही आणि मॉनिटरवरचा, २८ वरून १८ टक्के. डेस्कटॉप आणि आपले नेहमीचे छोटे मॉनिटर आधीपासून १८ टक्क्यांतच होते आणि तिथेच राहिले. कोटेशन वाचताना ‘अधिक जीएसटी’ की ‘जीएसटीसह’ हे आधी बघा. एका कोटेशनवर ३२,५०० लिहिलं होतं आणि ते सगळ्यात स्वस्त वाटत होतं. कर धरल्यावर ते ३८,३५० झालं आणि यादीत सगळ्यात महाग ठरलं.

दसऱ्यानंतर मी पर्याय नीट मांडले. चाकरमानी मंडळी आपुलकीने सांगत होती की मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, भागांनी जोडून घे, दोन-तीन हजार वाचतील. वाचलेही असते. पण असेंबल्ड यंत्रात प्रोसेसरची वॉरंटी एका कंपनीची, मदरबोर्डची दुसऱ्या, रॅमची तिसऱ्या, एसएमपीएसची, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची, चौथ्या. यंत्र सुरू होत नाही एवढंच काकूंना कळणार. त्यातला कुठला भाग गेला हे ओळखून तो त्या त्या सेवा केंद्रात पाठवणार कोण? ज्याच्या घरात कॅबिनेट उघडणारा मुलगा किंवा मुलगी आहे त्याने असेंबल्ड जरूर घ्यावा. नवख्या माणसासाठी मला एकच वॉरंटी, एकच फोन नंबर हवा होता.

मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून बाहेर पडलेले आठव्या-नवव्या पिढीचे रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण दुरुस्त करून विकलेले, डेस्कटॉप सतरा-अठरा हजारांत मिळत होते. घरी वापरायला, बजेट वीस हजारांचं असेल तर मी आजही तेच सुचवेन, विंडोज ११ चालतं आणि बांधणी दणकट असते. विक्रेता मात्र लेखी वॉरंटी देणारा हवा. आमच्या बाबतीत देणगीची वस्तू नवीच असावी असं कार्यकारिणीचं म्हणणं पडलं, आणि विक्रेते सगळे मुंबईचे. सगळं पडद्यातच सामावलेला ऑल-इन-वन अध्यक्षांना आवडला होता, दिसतो देखणा. पण त्यात बहुधा लॅपटॉपचे सुटे भाग असतात, आणि पडदा गेला की अख्खं यंत्र दुरुस्तीला जातं. वेगळा मॉनिटर असेल तर शेजारच्या घरचा आणून काम चालू ठेवता येतं.

शेवटी कंपनीचा साधा टॉवर, म्हणजे उभा कॅबिनेट, ठरला: आय३-१३१००, ८ जीबी रॅमची एक पट्टी आणि दुसरी जागा रिकामी, ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी, वायफाय आतच, विंडोज ११ परवान्यासह, तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी, कीबोर्ड-माऊस सोबत. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे एक प्रश्न आहे जो दुकानात विचारायला हवा. प्रोसेसरच्या क्रमांकामागे इंग्रजी ‘एफ’ अक्षर आहे का? असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं आणि वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काही येत नाही. रॅमसाठी रिकामी जागा आहे का? साठवणूक एसएसडीच आहे ना? ‘१ टीबी’ म्हणून जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल तर यंत्र सुरू व्हायलाच दीड-दोन मिनिटं घेतं आणि शिकणाऱ्याचा धीर तिथेच सुटतो. विंडोज परवान्याचं आहे की फक्त ‘डॉस’? डॉसवाला चार-पाच हजारांनी स्वस्त दिसतो, पण विंडोज वेगळं विकत घ्यावं लागतं.

ऑनसाइट वॉरंटीबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी करावी. कंपनीच्या हेल्पलाइनला खरेदीआधी फोन करून आपला पिनकोड सांगावा. ‘दुसऱ्या दिवशी माणूस घरी’ हे शहरासाठी असतं. आमच्या पिनकोडला तंत्रज्ञ रत्नागिरीहून येणार आणि तीन ते पाच कामाचे दिवस धरा असं उत्तर मिळालं. दुसऱ्या एका कंपनीने आमच्या पिनकोडला यंत्र तुम्हीच सेवा केंद्रात आणायचं असं सांगितलं. ते यंत्र बाराशेने स्वस्त होतं. मी तक्त्यात शेरा लिहिला आणि ते बाजूला पडलं. गुहागरहून रत्नागिरीला कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीने जायचं म्हटलं तर बाराशे रुपये काहीच नाहीत.

चिपळूणच्या दुकानाचं कोटेशन १० ऑक्टोबरचं होतं: टॉवर ३६,९००, साडेएकवीस इंची मॉनिटर ७,२००, ६०० व्हीएचा यूपीएस २,६५०, सगळं जीएसटीसह. खाली बारीक अक्षरांत ‘वैधता १५ दिवस’. १९ ऑक्टोबरची बैठक दिवाळीच्या तोंडावर आली आणि गणपूर्ती झाली नाही. पुढची ९ नोव्हेंबरला झाली. तोवर मेमरीचे भाव चढायला लागले होते. एआयच्या डेटा सेंटरांसाठी चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी उत्पादन तिकडे वळवलं आणि जगभर साध्या रॅमचे, मग एसएसडीचेही भाव वाढले. दुकानदाराने टॉवर ३८,९०० सांगितला आणि आधीच्या बिलांच्या प्रती दाखवून भाव का वाढले हेही समजावलं. मला ते पटलं. अध्यक्षांनी सगळ्यांना फोन करून संमती घेतली आणि वाढीव दराला वेगळा ठराव केला, नाहीतर हिशेबतपासणीत ते अडकलं असतं. संस्थेसाठी घेत असाल तर कोटेशनची वैधता आणि बैठकीची तारीख आधी जुळवून घ्या.

या सगळ्यात सर्वात जास्त शिकायला मिळालं ते विजेबद्दल, आणि संगणकाच्या दुकानात ते कुणी सांगत नाही.

वाचनालयाची इमारत जांभ्याची, जुनी. टेबलामागे तीन पिनांचं सॉकेट होतं म्हणून मी निश्चिंत होते. तरी गावातल्या वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी होल्डरला लावलेला साधा बल्ब आणला होता, दोन वायरी मोकळ्या. एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला, बल्ब लख्ख पेटला. मग दुसरं टोक वरच्या जाड भोकात, अर्थला, म्हणजे जमिनीशी जोडणाऱ्या वायरीला. काहीच नाही, तारही लाल झाली नाही. त्यांनी सॉकेट उघडून दाखवलं. अर्थच्या स्क्रूवर गंज होता आणि वायर जोडलेलीच नव्हती. कित्येक वर्षं ती तिसरी पिन नुसती शोभेची होती.

अर्थिंग नसलं तर काय होतं, हे त्यांनी आणि नंतर ऑफिसातल्या एका अभियंत्याने समजावलं. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये विजेतली खरखर गाळणारे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर तो बारीकसा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मा व्होल्टेज येऊन राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने एरवी जिवावर बेतत नाही, पण हात लागला की झिणझिण्या येतात. पहिल्याच दिवशी काकूंना तसं काही जाणवलं असतं तर त्या पुन्हा त्या टेबलाशी फिरकल्या नसत्या. आणि आत खरोखर बिघाड होऊन पत्र्यावर पूर्ण वीज उतरली, तर वाचवणारं अर्थिंगच असतं.

इमारतीमागे नवा खड्डा खणला, पाइप, कोळसा, मीठ घातलं, तिथून जाड वायर आत आणली, सॉकेट आणि स्विच बदलले. ४,३०० रुपये. परत बल्ब लावला तेव्हा फेज आणि अर्थमध्ये तो तितकाच लख्ख पेटला. मीटरवर न्यूट्रल आणि अर्थमधला फरक १.६ व्होल्ट आला. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक धरतात. वायरमनदादांनी एक सूचना दिली ती जांभ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या सर्वांसाठी आहे: या मातीत पाणी टिकत नाही, मार्च ते मे अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला, नाहीतर ऐन उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं. बल्बची ही तपासणी मात्र स्वतः करू नका, उघड्या वायरींचं काम आहे.

यूपीएसबद्दलही थोडं सांगते. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. असा साधा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून लेखनाच्या कामात शंभर वॅटसुद्धा घेत नाहीत, त्यामुळे नवी बॅटरी पंधरा-वीस मिनिटं सहज देते. तेवढ्यात काम साठवून यंत्र नीट बंद करायचं, वीज येईपर्यंत बसून राहायचं नाही. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही लावू नये, तो गरम होताना एकदम फार वीज ओढतो. आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च आजच धरून ठेवावा. आणि कडकडाट सुरू झाला की यूपीएस काही वाचवत नाही. भिंतीतली पिन काढायची आणि ब्रॉडबँड असेल तर त्याच्या राउटरचीही.

२६ नोव्हेंबरला धनादेश दिला. २८ तारखेला संध्याकाळी ऑफिसनंतर माल ताब्यात घेतला. दुकानात माझ्यासमोर सील फोडायला लावलं. खोक्यावरचा, कॅबिनेटच्या मागचा आणि बिलावरचा सीरियल क्रमांक मी बोट ठेवून जुळवला. बिलावर एक अंक चुकला होता. तिथेच दुसरं बिल करून घेतलं. घरी गेल्यावर ते लक्षात आलं असतं तर वॉरंटीच्या वेळी भांडत बसावं लागलं असतं. मग यंत्र सुरू करून बायोस (विंडोजच्या आधी उघडणारं यंत्राचं मूळ सेटिंग्जचं पान) उघडायला सांगितलं. तिथे प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी तिन्ही दिसतात आणि विंडोजची पहिली मांडणी करावी लागत नाही. ती मांडणी दुकानात करू देऊ नका. दुकानातला मुलगा मदत म्हणून स्वतःच्याच ईमेलने खातं उघडून देतो आणि पुढे पासवर्ड विसरला की सगळं त्याच्या हाती जातं.

ती रात्र यंत्र माझ्या चिपळूणच्या घरी राहिलं, कारण पहिले अपडेट काही जीबींचे असतात आणि गावात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ते रात्रभर झाले नसते. वाचनालयाच्या नावाने नवा ईमेल केला, त्यावरच विंडोजचं खातं उघडलं. एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. नव्या विंडोज ११ मध्ये अशा खात्याने मांडणी केली की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. तिची रिकव्हरी की त्या खात्यात साठवलेली असते. पुढे कधी मदरबोर्ड बदलला तर ती ४८ अंकी की विचारली जाते. ती छापून पासवर्डच्या पाकिटासोबत कपाटात ठेवली. अँटीव्हायरसची महिन्याभराची फुकट आवृत्ती काढून टाकली, विंडोजचं स्वतःचं संरक्षण या कामाला पुरेसं आहे. लिब्रेऑफिस घातलं, ते कायमचं मोफत आहे. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘दोनपैकी एक जागा वापरात’ हेही पाहून घेतलं.

मराठीसाठी सेटिंग्जमधल्या भाषांच्या यादीत मराठी घातलं की इन्स्क्रिप्ट या प्रमाण कीबोर्डसोबत उच्चारावर चालणारा फोनेटिक कीबोर्डही घेता येतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते. पडद्यावरचं सगळं १२५ टक्के मोठं केलं.

शनिवारी दुपारी काकू खुर्चीवर बसल्या. माऊस सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत नेला, बाण पडद्याच्या मध्येच, आणि हात हवेत. “आता पुढे जागाच नाही गो!” मी त्यांचा हात धरला नाही. माऊस उचलून मागे ठेवून पुन्हा सरकवायचा, एवढं माझ्या हाताने टेबलावर दाखवलं. दोनदा क्लिक करताना माऊस हलायचा, म्हणून पहिला आठवडा एकदा क्लिक आणि मग एंटर, असं शिकवलं आणि दोन क्लिकमधला वेळ सेटिंग्जमध्ये वाढवला. ओढून सोडण्याचा सराव पत्त्यांच्या सॉलिटेअरवर झाला. शिकवणाऱ्यांना एक विनंती: माऊस त्यांच्या हातातून घेऊ नका. आपण पटकन करून दाखवलं की समोरच्याला वाटतं हे आपल्याला जमणार नाही.

पहिली नोंद त्यांनी दाखल नोंदवहीच्या पहिल्या पानावरून केली. दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, किंमत, कपाट. एका ओळीला दहा मिनिटं लागली. ग्रंथालयांसाठी कोहा आणि ई-ग्रंथालय अशी सॉफ्टवेअर आहेत, पण पहिल्या वर्षी साधा तक्ताच ठेवायचा असं आम्ही ठरवलं. तक्ता नीट भरलेला असेल तर तो पुढे तिकडे नेता येतो.

यादीच्या प्रती दोन पेन ड्राइव्हवर जातात, त्यातला एक कार्यवाहांच्या घरी असतो, आणि दर शनिवारी फाइल वाचनालयाच्याच ईमेलवर पाठवली जाते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथांची किती हानी झाली हे आम्ही जवळून पाहिलं आहे. आमचं गाव चढावर आहे, पण छप्पर उडवणारं निसर्ग चक्रीवादळही ३ जून २०२० ला याच किनाऱ्यावर येऊन गेलं.

खाऱ्या हवेसाठी कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीपासून लांब, जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवला आहे. मागच्या रिकाम्या फटींना पत्र्याच्या पट्ट्या आहेत ना हे बघा, पाली आणि मुंग्या तिथूनच आत जातात. पावसाळ्यात रोज निदान अर्धा तास यंत्र चालू ठेवायचं, आतल्या उबेने दमटपणा धरत नाही. प्लॅस्टिकचं आवरण आम्ही काढूनच टाकलं, त्यात ओल कोंडते. बंद करून थंड झाल्यावर सुती कापड पुरतं.

खर्च असा झाला: टॉवर ३८,९००, मॉनिटर ७,२००, यूपीएस २,६५०, अर्थिंग आणि वायरिंग ४,३००, दोन पेन ड्राइव्ह ९००. एकूण ५३,९५०. मंडळाच्या पन्नास हजारांवरचे ३,९५० वाचनालयाच्या किरकोळ खर्चातून गेले. प्रिंटर घेतलेला नाही. महिन्याला पाच-दहा पानं असतील तर इंकजेटची शाई वापराविना सुकते, तेव्हा नाक्यावरचं झेरॉक्सचं दुकान पुरेसं आहे.

डिसेंबरमध्ये कंपनीच्या साइटवर सीरियल क्रमांक टाकून पाहिला तर वॉरंटी ऑगस्टपासून सुरू झालेली दिसली. माल कंपनीतून निघाल्याच्या तारखेपासून ती मोजली गेली होती. बिलाची प्रत ईमेलने पाठवली, दोनदा आठवण केली, सुमारे पंधरवड्याने तारीख बिलाप्रमाणे झाली. खरेदीनंतर महिन्याभरात हे प्रत्येकाने तपासावं, नाहीतर तीन वर्षांतले तीन-चार महिने नकळत जातात. आता जडवस्तू नोंदवहीत त्या ओळीपुढे काकूंनी सीरियल क्रमांक, वॉरंटी संपण्याची तारीख आणि हेल्पलाइनचा नंबर लाल शाईने लिहून ठेवला आहे. दाखल नोंदवहीच्या अकराशे ओळी तक्त्यात आल्या आहेत. रॅमची दुसरी पट्टी भाव उतरल्यावर घ्यायची असं इतिवृत्तात नोंदवलं आहे. तोवर ८ जीबीवर काम अडलेलं नाही.